दारावरची साखर



देवासच्या टेकडीवर चामुंडा मातेचं दर्शन घेऊन खाली उतरलं, की पायथ्याशी ‘भानुकुल’ लागतं. गायक कुमार गंधर्वांचं घर. १९४८ साली कुमारजी माळव्याच्या कोरड्या हवेसाठी देवासला आले, तेव्हा त्यांना क्षय झाला होता. वय जेमतेम चोवीस. गायची मनाई. अंथरुणावर पडल्या पडल्या कानावर येतील ती माळवी लोकगीतं ऐकायची, एवढंच उरलं होतं. धार-देवासच्या जुन्या मराठी घरांतही तेव्हा क्षय म्हटलं की रोग्याचं ताट-भांडं वेगळं व्हायचं.

क्षयाचा जंतू शरीरात करतो तरी काय? घटसर्पाचा किंवा पटकीचा जंतू आपलं विष बाहेर सोडतो. क्षयाच्या जंतूची तऱ्हा निराळी, आणि मला तरी ती जास्त भयंकर वाटते.

आपल्या फुप्फुसात भक्षक पेशी पहाऱ्यावर असतात. त्यांच्या अंगावर ग्राही असतात, म्हणजे परकं कोण हे चाचपून पाहणारे रेणू. त्यांतला एक मॅनोज नावाची साखर ओळखतो. क्षयजंतूच्या वेष्टणातल्या लांबलचक रेणूंच्या टोकांना नेमकी हीच साखर असते. ग्राही ती धरतो आणि पेशी जंतूला गिळते. एरवी गिळलेला जंतू ज्या पिशवीत असतो, तिला पाचक रसांची पिशवी येऊन मिळते आणि त्याचा निकाल लागतो. या वाटेनं आत आलेल्या जंतूच्या बाबतीत ते मीलनच अडतं. जंतू पचत नाही, आतच मुक्काम ठोकतो. डेंड्रिटिक नावाच्या दुसऱ्या पहारेकरी पेशींवरच्या एका ग्राहीला हीच साखर चिकटली, की त्या पेशी प्रतिकार शांत करणारा संदेश धाडतात, असं २००३ साली प्रयोगांत दिसलं.

म्हणजे दार आपलं, कडीही आपल्याच पेशीनं काढलेली!

मग या जंतूला विष नाहीच का? फार काळ तसंच समजत होते. २०१४ साली ते सापडलं. जंतू आत असताना ते पेशीच्या द्रवात उतरतं, पेशीला ऊर्जेच्या कामी लागणारं एनएडी तोडून टाकतं आणि पेशी मरते.

आता औषधाकडे वळू. शास्त्रज्ञ वाक्समन यांच्या प्रयोगशाळेत १९४३ साली हाती आलेलं स्ट्रेप्टोमायसिन हे औषध कुमारजींना मिळालं. ते जंतूची प्रथिनं बनवण्याची यंत्रणाच बिघडवतं. पण पेशीच्या आत ते फारसं शिरत नाही. तिथं सहज पोचणारं आयसोनायझिड १९५२ साली आलं. आजही उपचार सहा महिने चालतात, त्यामागे हे आत दडून बसलेले, सुस्त पडलेले जंतू आहेत. दुसऱ्या महिन्यात खोकला थांबतो, भूक लागते, वजन वाढतं, आणि नेमक्या त्याच वेळी माणसं गोळ्या सोडतात. श्रोतेहो, कृपा करून सोडू नका.

कुमारजी १९५३ साली पुन्हा मैफलीत गायला बसले. देवास मात्र त्यांनी सोडलं नाही. १२ जानेवारी १९९२ पर्यंत ते तिथंच राहिले.