कोल्हापुरीचं नाव आणि कायदा

जून 2025. मिलानमध्ये प्राडा या इटालियन कंपनीने पुढच्या उन्हाळ्यासाठीचे पुरुषांचे कपडे सादर केले. मॉडेलांच्या पायांतल्या वहाणा ओळखायला कापशीच्या किंवा निपाणीच्या कारागिराला क्षणही लागला नसता. तोच अंगठा, तोच आडवा पट्टा, बाजूला तेच कान. कंपनीच्या माहितीत मात्र एवढंच होतं: चामड्याची सँडल. कोल्हापूरचं नाव नाही, भारताचंही नाही.

संताप उसळला आणि जो तो विचारू लागला, ‘आपल्याकडे जीआय आहे ना? मग दावा ठोका!’ प्रश्न रास्त होता. त्याचं उत्तर मात्र बहुतेकांना ठाऊक नव्हतं.

जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन. त्याचा कायदा 1999चा, अंमल सप्टेंबर 2003पासून. पहिला मान दार्जिलिंगच्या चहाला मिळाला, कोल्हापुरी चपलेला 2019मध्ये. ती एकट्या कोल्हापूरची नाही, हेही इथे सांगायला हवं. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर हे चार जिल्हे महाराष्ट्राचे. बेळगाव, बागलकोट, धारवाड, विजापूर हे चार कर्नाटकचे. मालकी दोन्ही राज्यांच्या चर्मोद्योग महामंडळांकडे, लिडकॉम आणि लिडकार यांच्याकडे. सीमावादात अडकलेल्या या दोन राज्यांनी एका वहाणेवर एकत्र सही केली, ही गोष्ट छोटी नाही.

पण हा कायदा राखतो ते नाव. दुसऱ्या ठिकाणचा माल कुणी ‘कोल्हापुरी’ म्हणून विकला, किंवा तो तिथलाच आहे असा ग्राहकाचा समज करून दिला, की उल्लंघन होतं. नाव न घेता नुसता घाट उचलला, तर जीआयच्या आधारे त्याला अडवणं फार अवघड. घाटासाठी डिझाइनचा 2000 सालचा कायदा आहे, पण त्याची पहिली अट नवेपणाची. पिढ्यान्‌पिढ्या घडत आलेली चप्पल ‘नवी’ कशी ठरणार? शिवाय भारतातली नोंदणी भारतापुरतीच. युरोपीय संघात हस्तकलेच्या वस्तूंना जीआय देणारा नियम 2023मध्ये झाला खरा, पण तो पूर्णपणे लागू झाला 1 डिसेंबर 2025ला, म्हणजे मिलानच्या त्या कार्यक्रमानंतर.

कायद्याच्या चिमटीत न येणारी गोष्ट तरी कोणती, तेही पाहायला हवं. बाभळीची साल आणि हिरडा यांच्या पाण्यात कमावलेलं कातडं. तळाचे थर एकमेकांना धरून ठेवणारी चामड्याचीच वादी. अस्सल चपलेत खिळा शोधून सापडत नाही. पट्ट्यावरची बारीक वेणी, जी अनेक घरांत बायका घालतात. या सभागृहात दोन-चार पायांत तरी कोल्हापुरी असेलच. घरी गेल्यावर ती उलटी करून शिवण पाहावी.

मुंबई उच्च न्यायालयात काही वकिलांनी प्राडाविरुद्ध जनहित याचिका केली. मुख्य न्यायमूर्ती आलोक आराधे आणि न्यायमूर्ती संदीप मारणे यांच्या खंडपीठाने जुलैमध्ये ती फेटाळली. जीआयच्या नोंदणीकृत मालकांना दाद मागता येते, ती त्यांनी मागावी, असा त्या निकालाचा रोख होता. निराश करणारा निकाल, पण कायद्याच्या चौकटीत बरोबर.

मालकाने वेळेवर जागं होणं किती महत्त्वाचं, हे स्कॉचवाल्यांना भारतातच कळलं. ‘पीटर स्कॉट’ या भारतीय व्हिस्कीच्या नावाविरुद्ध स्कॉच व्हिस्की असोसिएशन लढली. ट्रेडमार्कची नोंद 1974ची, हरकतीचा अर्ज 1986चा. सर्वोच्च न्यायालयाने 2008मध्ये निकाल भारतीय कंपनीच्या बाजूने दिला, आणि त्यात या विलंबाचा वाटा मोठा होता.

कोल्हापुरीच्या बाबतीत लोकांचा आवाज कामी आला. प्राडाने या वहाणांची प्रेरणा भारतीय हस्तकलेची असल्याचं मान्य केलं, जुलैमध्ये त्यांचं पथक कोल्हापुरात आलं, आणि डिसेंबरमध्ये दोन्ही महामंडळांशी करार झाला. महाराष्ट्र-कर्नाटकात दोन हजार जोड बनवायचे, किंमत जोडामागे सुमारे 800 युरो. त्यातले किती पैसे वेणी घालणाऱ्या हातापर्यंत पोचतात, यावरच या कराराचं मोल ठरवायला हवं.

आणि एक काम करारावाचूनही होण्याजोगं आहे. कारागिराला स्वतःच्या नावाने ‘अधिकृत वापरकर्ता’ म्हणून नोंद करता येते. तशी नोंद असली की नावाच्या गैरवापराविरुद्ध तो स्वतः दाद मागू शकतो, महामंडळाची वाट पाहत बसावं लागत नाही. या अर्जाचं शुल्क पूर्वी 500 रुपये होतं. 2020च्या दुरुस्तीने ते दहा रुपयांवर आलं. अर्ज चेन्नईच्या जीआय नोंदणी कार्यालयाकडे जातो. तो भरून द्यायला गावातला एखादा शिक्षक किंवा वकील पुढे आला, तर एका संध्याकाळी सबंध गल्लीचे अर्ज तयार होतील.