वस्तुनिष्ठ प्रश्नपत्रिका : ज्ञान, अंदाज आणि निर्णय

(जिल्ह्याच्या ठिकाणी ग्रंथालयाच्या अभ्यासिकेत स्पर्धा परीक्षांस बसणाऱ्या विद्यार्थ्यांपुढे दिलेल्या व्याख्यानाचा हा मजकूर.)



लोकसेवेत प्रवेश करू इच्छिणाऱ्या तरुण-तरुणींना प्रथम ज्या दारातून जावे लागते, ते दार म्हणजे पूर्व परीक्षेची वस्तुनिष्ठ प्रश्नपत्रिका. डॉ. दौलतसिंह कोठारी यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९७६ साली आपला अहवाल सादर केला आणि त्यास अनुसरून १९७९ पासून संघ लोकसेवा आयोगाच्या नागरी सेवा परीक्षेला पूर्व परीक्षा, मुख्य परीक्षा आणि मुलाखत असे तीन टप्पे लाभले. आपल्या राज्याच्या लोकसेवा आयोगाची राज्यसेवा परीक्षाही अशाच तीन टप्प्यांतून जाते. मुख्य परीक्षेचे स्वरूप वेळोवेळी बदलले. राज्यसेवेची मुख्य परीक्षा तर २०२५ पासून पुन्हा वर्णनात्मक झाली. पूर्व परीक्षा मात्र वस्तुनिष्ठच राहिली आहे.

या परीक्षेसंबंधी दोन टोकांची मते ऐकू येतात. अभ्यास केला की उत्तरे आपोआप येतात, वेगळ्या तंत्राची गरज नाही, असे काही जण मानतात. हा सारा युक्तीचा खेळ आहे, चार गुप्त क्लृप्त्या कळल्या की काम भागते, असे दुसऱ्या पक्षाचे म्हणणे असते. माझ्या मते दोन्ही पक्ष अर्धेच बरोबर आहेत. अभ्यासास पर्याय नाही हे खरेच. परंतु पुरेसा अभ्यास असूनही केवळ निर्णय चुकल्यामुळे वर्ष गमावणारे विद्यार्थी थोडेथोडके नाहीत. खुल्या प्रवर्गातील उमेदवारास संघ आयोगाच्या परीक्षेसाठी अवघे सहा प्रयत्न मिळतात. घरची शेती किंवा आईवडिलांची मजुरी यांवर ज्याचा शहरातील खोलीभाड्याचा व खानावळीचा खर्च चालतो, त्याच्या दृष्टीने यातील प्रत्येक प्रयत्नाची किंमत फार मोठी आहे.

गुणांचा हिशेब

संघ आयोगाच्या पूर्व परीक्षेत सामान्य अध्ययनाचे १०० प्रश्न दोन तासांत सोडवावयाचे असतात. प्रत्येक प्रश्नास २ गुण असून, २००७ पासून चुकीच्या उत्तरास त्या प्रश्नाच्या एक-तृतीयांश गुण वजा होतात. राज्यसेवेत हीच वजावट एक-चतुर्थांश आहे. न सोडविलेल्या प्रश्नास कोणताही दंड नाही.

आता साधे गणित पाहू. चारही पर्याय सारखेच अनोळखी असताना डोळे मिटून खूण केली, तर सरासरीने चार प्रश्नांत एक उत्तर बरोबर येईल. म्हणजे २ गुण मिळतील आणि तीन चुकांपोटी २ गुण जातील. हाती शून्य. एक पर्याय खात्रीने बाद करता आला, तर तीन प्रश्नांत एक बरोबर येईल. मिळकत २ गुणांची आणि तोटा सुमारे १.३३ गुणांचा. दोन पर्याय खात्रीने बाद झाले, तर दोन प्रश्नांत २ गुण मिळून केवळ ०.६७ जातील. म्हणून 'शंका असेल तर प्रश्न सोडून द्यावा' हा सरसकट उपदेश गणिताच्या कसोटीस उतरत नाही. त्याचप्रमाणे 'एकही प्रश्न सोडू नये' हा उपदेशही उतरत नाही. आपण खरोखर किती पर्याय बाद केले आहेत, यावर सर्व काही अवलंबून आहे.

दुसरी गोष्ट अशी की, पूर्व परीक्षेचे गुण अंतिम निवडीत धरले जात नाहीत. येथे पहिला क्रमांक मिळवावयाचा नसतो. रेषा ओलांडावयाची असते. संघ आयोगाच्या परीक्षेत सर्वसाधारण प्रवर्गासाठी ही रेषा २०० पैकी २०१९ साली ९८.००, २०२० साली ९२.५१, २०२१ साली ८७.५४, २०२२ साली ८८.२२ आणि २०२३ साली ७५.४१ अशी होती. या पाचही वर्षांत निम्म्याहून कमी गुणांवर उमेदवार पुढे गेले आहेत.

तीन विद्यार्थ्यांची कल्पना करा. पहिल्याने ६० प्रश्न सोडविले. ४८ बरोबर आले, १२ चुकले. त्याचे गुण ९६ उणे ८, म्हणजे ८८. दुसऱ्याने धाडसाने ९२ प्रश्न सोडविले. ५० बरोबर, ४२ चूक. गुण १०० उणे २८, म्हणजे ७२. दुसऱ्याची बरोबर उत्तरे पहिल्याहून अधिक असूनही तो वरील पाचही वर्षांत मागे राहिला असता. पहिला मात्र २०२१ साली उत्तीर्ण झाला असता आणि २०२२ साली पाव गुणापेक्षाही कमी फरकाने घरी बसला असता. तिसरी विद्यार्थिनी पहिल्याइतकेच जाणते. परंतु जेथे दोन पर्याय खात्रीने बाद झाले, असे आणखी दहा प्रश्न ती सोडविते. त्यांपैकी चारच बरोबर आले तरी ८ गुण मिळून ४ जातात आणि तिची बेरीज ९२ होते. तिघांच्या ज्ञानात विशेष अंतर नाही. अंतर आहे ते निर्णयात.

पर्याय बाद कसे होतात

पर्याय बाद करणे म्हणजे नेमके काय, हे उदाहरणाने स्पष्ट करतो. समजा, तीन विधाने दिली आहेत : (अ) बलवंतराय मेहता समितीने त्रिस्तरीय पंचायत राज्याची शिफारस केली. (ब) अशोक मेहता समितीने द्विस्तरीय रचना सुचविली. (क) वसंतराव नाईक समितीने जिल्ह्यापेक्षा तालुका पातळीवर अधिक भर दिला. पर्याय असे : केवळ अ; अ आणि ब; ब आणि क; अ, ब आणि क. नाईक समितीने जिल्हा परिषदेस बळकट स्थान दिले आणि त्या पायावर १९६१ चा अधिनियम होऊन १ मे १९६२ पासून आपल्या जिल्हा परिषदा सुरू झाल्या, एवढे ज्यास ठाऊक आहे त्याचे 'क' बाद होते. त्यासरशी शेवटचे दोन्ही पर्याय गळतात. उरलेल्या दोन्ही पर्यायांत 'अ' आहेच. तेव्हा त्याचा विचार करण्याचे कारण नाही. निर्णय फक्त 'ब' संबंधी घ्यावयाचा राहतो. द्विस्तरीय रचना अशोक मेहता समितीचीच, म्हणून उत्तर 'अ आणि ब'.

परंतु परीक्षकही ही रीत जाणतात. २०२३ च्या नागरी पूर्व परीक्षेत 'वरीलपैकी किती विधाने बरोबर आहेत?' अशा धर्तीचे प्रश्न मोठ्या संख्येने आले. तेथे पर्याय असतात : केवळ एक, केवळ दोन, तिन्ही, एकही नाही. आता 'क' चूक असल्याचे कळूनही फक्त 'तिन्ही' हा पर्याय बाद होतो. उरलेले तीन तसेच राहतात. त्या वर्षी रेषा ७५.४१ पर्यंत खाली आली, हे येथे लक्षात घेण्यासारखे आहे. अशा प्रश्नांत प्रत्येक विधानाची स्वतंत्र खात्री हवी. तीनपैकी एकच विधान ठाऊक असेल, तर पुढे जाणे शहाणपणाचे.

विधान आणि कारण या प्रकारात दोन पायऱ्या वेगळ्या ठेवाव्यात. 'सह्याद्रीच्या पूर्वेकडील प्रदेशात पाऊस कमी पडतो' हे विधान खरे. 'दख्खनचे पठार बेसॉल्ट खडकाचे बनले आहे' हेही खरे. परंतु पाऊस कमी पडतो तो पर्जन्यछायेमुळे, खडकामुळे नव्हे. दोन सत्ये शेजारी ठेवली की त्यांचे नाते आहे असा भास होतो. परीक्षक या भासाचाच उपयोग करून घेतो.

क्लृप्त्यांविषयी सावधगिरी

'केवळ', 'सर्व', 'कधीही' असे टोकाचे शब्द दिसले की विधान चूक समजावे, असा एक ठोकताळा प्रचलित आहे. पुष्कळदा तो लागू पडतो; तथापि राज्यघटनेच्या प्रांतात तो दगा देतो. धनविधेयक केवळ लोकसभेतच मांडता येते, हे विधान टोकाचे आहे आणि अचूकही आहे. राज्यसभा कधीही विसर्जित होत नाही, हेही तसेच. म्हणून असा शब्द दिसताच 'यास अपवाद कोणता?' असा प्रश्न मनास विचारावा. अपवाद आठवला तर विधान बाद करावे. केवळ शब्दावरून निकाल देऊ नये. सर्वांत लांब पर्याय बरोबर असतो, सलग तीनदा एकच अक्षर येत नाही, या समजुतींना तर कसलाही आधार नाही.

पहिले सुचलेले उत्तर बदलू नये, हाही असाच एक समज. अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठातील विद्यार्थ्यांच्या उत्तरपत्रिकांवरील खाडाखोड तपासून २००५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे आढळले की, चुकीवरून बरोबर उत्तराकडे झालेले बदल उलट दिशेच्या बदलांहून सुमारे दुप्पट होते. बरोबर उत्तर बदलून चुकल्याची रुखरुख मात्र अधिक काळ टिकते, म्हणून तो समज पक्का होतो. आपल्याकडे उत्तरपत्रिकेवर शाईने खूण केल्यावर ती बदलता येत नाही. तेव्हा जो काही फेरविचार करावयाचा तो वर्तुळ रंगविण्यापूर्वी.

स्वतःचे मोजमाप

अर्धवट स्मरण आणि खात्रीने बाद केलेला पर्याय या दोन भिन्न गोष्टी आहेत, आणि माझ्या आजच्या बोलण्याचा गाभा हाच आहे. चुकीचे पर्याय परीक्षक सहज म्हणून लिहीत नाही. विद्यार्थी कोठे घोटाळतो हे पाहून ते घडविलेले असतात. ७३ व्या घटनादुरुस्तीने अकरावी अनुसूची आणि २९ विषय आले, तर ७४ व्या दुरुस्तीने बारावी अनुसूची आणि १८ विषय. यांची अदलाबदल केली की एक उत्तम फसवा पर्याय तयार होतो. 'काहीतरी वाचल्यासारखे वाटते' असा विद्यार्थी नेमका तेथेच जातो. यास्तव टिपणे काढताना एकेकटी माहिती न लिहिता अशा जोड्या समोरासमोर लिहाव्यात.

सराव परीक्षा सोडविताना प्रत्येक उत्तरापुढे एक खूण करावी : खात्री, दोन पर्यायांतील निवड, किंवा अंदाज. तपासताना एकूण गुणांवर न थांबता तिन्ही गटांचे यश वेगवेगळे मोजावे. आठ-दहा प्रश्नपत्रिकांनंतर स्वतःचा स्वभाव आकड्यांत दिसू लागतो. दोन पर्यायांतील निवडीत २० पैकी १० बरोबर येत असतील, तर सुमारे १३ गुणांचा लाभ आहे. ५ च येत असतील, तर संघ आयोगाच्या नियमाने हाती शून्य राहते. याचा अर्थ बाद केलेले पर्याय खरे म्हणजे बाद झालेलेच नव्हते. 'खात्री' या गटातच पाचापैकी एक उत्तर चुकत असेल, तर नवे पुस्तक हाती घेण्यापेक्षा जुन्याची उजळणी करावी. कोणत्याही मार्गदर्शकास देता येणार नाही असे हे ज्ञान आहे. ते ज्याचे त्यानेच मिळवावे लागते.

परीक्षागृहात

१०० प्रश्नांस १२० मिनिटे म्हणजे प्रत्येकी ७२ सेकंद. पहिल्या फेरीत सर्व प्रश्न वाचून खात्रीचे सोडवावेत, दुसऱ्या फेरीत दोन पर्याय उरलेल्यांचा विचार करावा, उरलेल्या वेळात बाकीचे पाहावेत. प्रश्न सोडून पुढे जाताना उत्तरपत्रिकेवरील क्रमांक चुकण्याचा धोका असतो. म्हणून दर दहा प्रश्नांनी क्रमांक पडताळावा. प्रश्नपुस्तिकेचा संच नोंदविण्यात चूक झाल्यास उत्तरपत्रिका रद्द होऊ शकते. 'चुकीचे', 'अयोग्य', 'नाही' या शब्दांवर थांबून मगच विधाने वाचावीत. संघ आयोगाची पूर्व परीक्षा हिंदी व इंग्रजीतच असते. तेव्हा मराठी माध्यमाच्या विद्यार्थ्यांनी पारिभाषिक शब्द त्या भाषांतही ओळखीचे करून ठेवावेत.

दुसऱ्या प्रश्नपत्रिकेत ३३ टक्के गुण पुरेसे असले, तरी ती दुर्लक्षून चालणार नाही. ८० पैकी २७ उत्तरे बिनचूक आली की रेषा ओलांडते. परंतु चुकांची वजावट तेथेही आहे. उताऱ्यावरील प्रश्नांत उतारा जे सांगतो तेच उत्तर, आपले बाहेरचे ज्ञान नव्हे. विशेषतः कला शाखेच्या विद्यार्थ्यांनी दररोज अर्धा तास अंकगणितास द्यावा.

मित्रहो, राज्य प्रशासकीय व्यवसाय प्रशिक्षण संस्था १९७६ साली मुंबईत स्थापन झाली. पुढे इतर शहरांतही शासनाची प्रशिक्षण केंद्रे निघाली. ज्यांना खासगी वर्गांचे शुल्क परवडत नाही, त्यांनी या सोयींची माहिती अवश्य घ्यावी. राज्य आयोग प्रथम उत्तरतालिका प्रसिद्ध करून हरकती मागवितो; एखादे उत्तर सदोष वाटल्यास प्रमाण ग्रंथाचा आधार देऊन मुदतीत हरकत नोंदवावी. तो आपला हक्क आहे.

उद्या तुमच्यापैकी कोणी तहसीलदार होईल, कोणी गटविकास अधिकारी. टंचाईचा प्रस्ताव असो की पुराचा इशारा, पुरती माहिती हाती येण्याआधीच निर्णय घ्यावा लागेल. आपल्याला काय ठाऊक आहे, काय ठाऊक नाही आणि काय ठाऊक असल्याचा केवळ भास होतो आहे, हे ओळखण्याची सवय तेव्हा लोकांच्या उपयोगी पडेल. ती सवय लावून घेण्यास या अभ्यासिकेतील सरावाचा प्रत्येक दिवस पुरेसा आहे. निकाल काहीही लागो, ती तुमच्याजवळ राहील. तुम्हां सर्वांस माझ्या मनःपूर्वक शुभेच्छा.