मधल्या दहा वर्षांची गोष्ट

आज मी एका जपानी कार्टूनबद्दल बोलणार आहे, हे ऐकून काही मंडळी रेडिओ बंद करायला उठतील. त्यांनी दोन मिनिटं थांबावं, अशी विनंती. मीही पूर्वी त्यांच्यातलाच होतो.

माझं लहानसं वर्कशॉप आहे. दोन लेथ, एक ड्रिलिंग मशीन, ऑइल इंजिनाचे सुटे भाग. २००४-०५ च्या सुमारास आमचा मुलगा तिसरी-चौथीत होता आणि शाळेतून आला की कार्टून नेटवर्कवर ‘ड्रॅगन बॉल झेड’ लावून बसायचा. पडद्यावर केस ताठ उभे राहिलेली माणसं एकमेकांवर ओरडत असायची. मी जेवायला घरी यायचो तेव्हा तेच. एकदा सहज म्हणून त्याच्याशेजारी बसलो, आणि मग रोजच बसायला लागलो.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. अकिरा तोरियामा या चित्रकथाकारांनी १९८४ साली ‘ड्रॅगन बॉल’ सुरू केली आणि १९९५ पर्यंत ती साप्ताहिकात चालवली. शेपटीवाला रानटी पोरगा गोकू, मनातली इच्छा पुरवणारे सात गोळे, असा गमतीचा मामला. १९८६ पासून टीव्हीवर १५३ भाग झाले. त्यापुढचे २९१ भाग म्हणजे ‘झेड’, ते १९९६ च्या जानेवारीत संपले. लगेच ‘जीटी’ नावाची पुढची मालिका आली, पण तिची कथा तोरियामा यांची नव्हती. गोकूला पुन्हा लहान मूल करून टाकलं आणि ६४ भागांत १९९७ साली आवरतं घेतलं. त्यानंतर नवी कथा असलेली मालिका आली ती थेट जुलै २०१५ मध्ये. तिचं नाव ‘ड्रॅगन बॉल सुपर’. जपानमध्ये ती रविवारी सकाळी नऊ वाजता लागायची आणि मार्च २०१८ पर्यंत तिचे १३१ भाग झाले. आज बोलायचं आहे ते तिच्याबद्दल.

पहिली अडचण मुळातच आहे. ‘झेड’च्या शेवटी, बू नावाचा राक्षस मेल्यावर, कथा एकदम दहा वर्षं पुढे उडी मारते. ‘सुपर’ बसवली आहे ती या दहा वर्षांच्या फटीत. म्हणजे शेवटचं पान आपण आधीच वाचलेलं आहे. कोण जिवंत राहणार, कोणाचं लग्न टिकणार, सगळं ठाऊक. अशा गोष्टीत संकट कितीही मोठं आणलं तरी पोटात गोळा येत नाही. बरं, सुरुवातीचे २७ भाग हे २०१३ आणि २०१५ साली आलेल्या दोन चित्रपटांचीच पुन्हा सांगितलेली कथा आहे, तीही पाणी घालून वाढवलेली. पाचव्या भागात गोकू आणि बीरस यांची मारामारी आहे. तिच्यातली चित्रं इतकी वेडीवाकडी झाली की जगभर त्यांची चेष्टा झाली. पुढे डिस्क काढताना त्यांना बरीच चित्रं दुरुस्त करावी लागली. आम्हा कारखानदारांना हा प्रकार कळतो. दर आठवड्याला माल द्यायचा, हाताशी कारागीर अपुरे, मग फिनिशिंग असंच येणार. चूक कारागिरांपेक्षा ऑर्डर घेणाऱ्याची जास्त.

पण याच सुरुवातीला एक छान गोष्ट आहे. पहिल्या भागात आपला महापराक्रमी गोकू शेतात ट्रॅक्टर चालवतोय. घरात पैसा नाही, बायको चिचि म्हणते आधी काम कर. मग योगायोगाने मोठी रक्कम हाती येते, तो ती बायकोच्या पुढ्यात ठेवतो आणि म्हणतो, आता जाऊ का सरावाला? आमच्या सौ. हे बघून खूप हसल्या. आणि बीरस, तो विनाशाचा देव! मांजरासारखा दिसणारा, दीर्घद्वेषी, ग्रह फोडणारा, पण चांगलं जेवण मिळालं की विरघळणारा. त्याला पुडिंग मिळत नाही म्हणून पृथ्वी धोक्यात येते. मूळच्या गोष्टीतला जो खट्याळपणा ‘झेड’च्या दीर्घ लढायांत हरवला होता, तो इथे परत आला.

आता खरी तक्रार. भविष्यकाळातला ट्रंक्स, म्हणजे ज्याचं जग उद्ध्वस्त झालंय असा तरुण, पुन्हा मदत मागायला येतो. त्याच्या जगात गोकूच्याच शरीरात शिरलेला झामासु माणसं मारत सुटलाय. वीसेक भाग ही लढाई चालते आणि सुरुवातीला ती खरोखर अंगावर येते. शेवटी काय होतं? झामासु त्या सगळ्या विश्वालाच व्यापून उरतो, गोकू खिशातलं एक बटण दाबतो, झेनो नावाचा बालराजा येतो आणि सगळं पुसून टाकतो. झामासु गेला, आणि ट्रंक्सचं जगही गेलं. ज्या माणसांना वाचवायला तो आला होता ती एकही उरली नाहीत. मग त्याला आणि त्याच्या सोबतिणीला दुसऱ्या एका काळात पाठवून देतात, जिथे त्या दोघांची आणखी एक जोडी आधीपासूनच राहणार. गोकू हसतमुख. मला तर जेवण गेलं नाही. एवढं कोणाचं नुकसान झाल्यावर कथेने निदान एक भाग गप्प बसायला हवं होतं.

उलट, शेवटच्या पंचावन्न भागांची स्पर्धा मला आवडली. वाटलं नव्हतं आवडेल. आठ विश्वं, प्रत्येकाचे दहा लढवय्ये, अठ्ठेचाळीस मिनिटांचा सामना आणि हरलेलं विश्व नष्ट. ती अठ्ठेचाळीस मिनिटं काही महिने चालली, ते सोडा. पण हरलेल्यांचे निरोप घ्यायचे क्षण नीट घेतलेत. म्हाताऱ्या मास्टर रोशीला अक्कलहुशारीने लढायला मिळतं. गोकूला जे शेवटचं सामर्थ्य मिळतं, त्यात राग नाही, आरडाओरड नाही. विचार थांबतो आणि शरीर आपसूक हलतं. लेथवर तीस वर्षं उभ्या राहिलेल्या माणसाला हे काही खोटं वाटणार नाही. मार्च २०१८ मध्ये यातला शेवटून दुसरा भाग मेक्सिकोतल्या शहरांत भर चौकात मोठे पडदे लावून दाखवला गेला, आणि लोक हजारोंनी जमले होते. आणि सामना जिंकतो कोण? गोकू नव्हे. सतरा क्रमांकाचा अँड्रॉइड, जो एरवी एका बेटावर जंगली जनावरांची राखण करतो. त्याला घरच्यांसाठी बोट हवी असते, पण तो मागतो की पुसलेली सगळी विश्वं परत येऊ देत. वर मी म्हटलं तसं, मेलेले परत येतात म्हणजे मरणाची किंमत गेली, हा आक्षेप इथेही आहेच. तरी ती मागणी त्याच्या तोंडी शोभली.

रेडिओवर बोलतोय म्हणून आवाजाबद्दल एक सांगतो. जपानी मालिकेत गोकूचा आवाज १९८६ पासून मासाको नोझावा या बाईंचा आहे. त्यांचा जन्म १९३६ चा. गोकू, त्याची दोन्ही मुलं, इतकंच काय ‘सुपर’मधला तो गोकूच्या शरीरातला खलनायकही त्यांच्याच आवाजात बोलतो. बाप आणि मुलगा बोलत असतात तेव्हा दोन्ही बाजूंनी एकच बाई असतात!

आणि या बाप-मुलाशीच माझं अडलेलं आहे. ‘झेड’मध्ये सेल नावाच्या शत्रूपुढे गोकू हार मानतो आणि दहा-अकरा वर्षांच्या गोहानला पुढे करतो. त्याला वाटतं, पोराच्या अंगात माझ्याहून जास्त ताकद आहे. मग पिकोलो त्याला झापतो. गोहानला लढायची आवडच नाही, त्याला तू विचारलंस का? तो भाग लागला तेव्हा आमचा मुलगा माझ्याकडे बघत नव्हता, पडद्याकडेच बघत होता. पण मी त्या सुमारास दर रविवारी त्याला वर्कशॉपवर नेत असे, व्हर्नियर धरायला शिकवत असे, आणि हे पोर धंदा माझ्यापेक्षा मोठा करणार असं येईल त्याला सांगत असे. त्याला विचारलं नव्हतं. दहावीनंतर त्याने स्वतःहून सांगितलं, बाबा, मला हे नाही करायचं. आमच्यात जवळजवळ दोन वर्षं धड बोलणं नव्हतं. आज तो एका शाळेत भूगोल शिकवतो.

‘सुपर’मधला गोहान अभ्यासक झालाय. बायको व्हिडेल, लहानगी पॅन, घरभर पुस्तकं. फ्रीझा परत येतो तेव्हा हा ट्रॅकसूट घालून लढायला जातो आणि मार खातो. पुष्कळ चाहते यावर चिडले, एवढा बलवान पोरगा वाया घालवला म्हणून. मला वाटतं मालिकेने इथे धीर धरायला हवा होता. पण तिलाच त्याची लाज वाटते, आणि थोड्याच भागांनी ती त्याला पुन्हा पिकोलोकडे सरावाला पाठवते. व्हेजिटाच्या बाबतीत तिने जास्त समज दाखवली आहे. एके काळचा तो क्रूर राजपुत्र बायकोचं बाळंतपण जवळ आलं म्हणून सराव नाकारतो आणि घरी थांबतो. गोकू मात्र तसाच. त्याला मोठं होऊ द्यायचं नाही, असं जणू ठरलंच आहे.

तोरियामा १ मार्च २०२४ रोजी गेले. त्यांनी रचलेली शेवटची मालिका ‘दाइमा’ त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात सुरू झाली आणि वीस भागांत संपली. बातमी मला मुलाने फोनवर सांगितली. नंतर म्हणाला, “बाबा, तुम्ही ‘सुपर’ बघितलीत का?” मी म्हटलं, नाही. मग सुट्टीत तो आला तेव्हा आम्ही बसलो, नात मांडीवर. ती चार वर्षांची आहे. तिला बीरस एवढाच कळला. पाचवा भाग आला तेव्हा मुलगा म्हणाला, हा सोडून देऊ. मी म्हटलं, असू दे, बघू. कारागिराने केलंय.