गावाचा धूर आणि गावाचा हिशेब
(प्राथमिक शिक्षकांच्या संमेलनातील व्याख्यान)



पृथ्वीचे तपमान वाढत आहे, ही वार्ता आता खेड्यापाड्यांतही नवी राहिलेली नाही. वृत्तपत्रांतून ती येते, नभोवाणीवरून ऐकू येते, आणि परिसर अभ्यासाच्या पाठातही तिला स्थान मिळाले आहे. तथापि ज्या गावात ही वार्ता वाचली जाते, त्या गावाचा तिच्याशी नेमका संबंध काय, हा प्रश्न बहुधा अनुत्तरित राहतो. कारखान्यांची धुराडी शहरांत, मोटारींची रांग महामार्गावर. मग पाचशे उंबऱ्यांच्या गावाने करावे तरी काय? देशातील काही ग्रामपंचायतींनी या प्रश्नाला कृतीने उत्तर दिले आहे. त्या उत्तराचा परिचय शिक्षकवर्गास व्हावा आणि त्यातील जेवढे शाळेच्या आवाक्यात आहे तेवढे शाळेत यावे, एवढाच या व्याख्यानाचा हेतू आहे.

मूळ कारण

सूर्याच्या उष्णतेने तापलेली जमीन ती उष्णता पुन्हा आकाशाकडे सोडते. हवेतील काही वायू तिचा काही भाग अडवून धरतात. त्यांत कर्बद्विप्राणिद वायू, म्हणजेच कार्बन डायऑक्साइड, हा प्रमुख होय. हे वायू मुळीच नसते तर पृथ्वी गोठून गेली असती. तेव्हा त्यांचे असणे हा दोष नसून त्यांचे बेसुमार वाढणे हा दोष आहे. यंत्रयुगापूर्वी हवेच्या दहा लक्ष भागांत या वायूचे सुमारे २८० भाग होते. १९५८ पासून हवाई बेटावरील मौना लोआ येथे त्याचे सलग मापन चालू आहे. तेथील आकडा आता ४२० च्या पुढे गेला आहे. दगडी कोळसा आणि खनिज तेल यांचे ज्वलन हे या वाढीचे मुख्य कारण.

याखेरीज मिथेन हा दुसरा वायू. पाणी साचलेली भातखाचरे, गुरांचे रवंथ आणि कुजणारा कचरा यांतून तो निघतो. शंभर वर्षांच्या हिशेबाने, वजनास वजन धरल्यास, तो पहिल्या वायूच्या सुमारे २८ पट उष्णता अडवितो. तिसरा नायट्रस ऑक्साइड. शेतात गरजेपेक्षा अधिक टाकलेल्या नत्रखतातून तो उठतो आणि या दोहोंहूनही प्रखर आहे. गावाचा या प्रश्नाशी काय संबंध, याचे अर्धे उत्तर येथेच मिळते. विजेचा दिवा, डिझेलचा पंप, चूल, उकिरडा, खाचर आणि खताचे पोते, ही सारी या हिशेबातील खाती आहेत.

ओडनथुराईची पवनचक्की

तमिळनाडूत कोइमतूर जिल्ह्यात, निलगिरीच्या पायथ्याशी, मेट्टुपाळयमजवळ ओडनथुराई नावाची ग्रामपंचायत आहे. १९९६ ते २००६ या काळात आर. षण्मुगम हे तिचे अध्यक्ष होते. भवानी नदीचे पाणी उचलून वाड्यावस्त्यांना पुरविण्याची योजना पंचायतीने केली. पाणी आले, परंतु पाठोपाठ पंपांचे वीजबिलही वाढत चालले. पंचायतीच्या उत्पन्नाचा मोठा वाटा त्या बिलात जाऊ लागला. तेव्हा पंचायतीने विजेचा पर्याय शोधण्यास आरंभ केला. २००३ मध्ये नऊ किलोवॉटचे वायुजनक यंत्र बसविण्यात आले. लाकूड-वखारीतील टाकाऊ लाकडापासून त्यात वायू तयार होई आणि त्या वायूवर पाण्याचा पंप चाले.

पुढचे पाऊल अधिक धाडसाचे होते. २००६ मध्ये पंचायतीने ३५० किलोवॉटची पवनचक्की विकत घेतली. किंमत १ कोटी ५५ लक्ष रुपये. त्यांपैकी ४० लक्ष रुपये पंचायतीने आपल्या शिलकेतून घातले आणि उरलेल्या रकमेचे बँकेकडून कर्ज काढले. पवनचक्की गावात नाही; वारा जेथे भरपूर वाहतो त्या मैवाडी येथे, गावापासून शंभराहून अधिक किलोमीटर दूर ती उभी आहे. मग तिची वीज गावाला कशी मिळते? हा प्रश्न वर्गातील एखादा चौकस मुलगा अवश्य विचारील. एका गावच्या टपालकचेरीत भरलेले बचतीचे पैसे दुसऱ्या गावच्या कचेरीत काढता येतात, तद्वत् मैवाडीस तयार झालेली वीज राज्याच्या तारांत जमा होते आणि तेवढी वीज ओडनथुराईच्या खात्यातून वजा केली जाते.

ही पवनचक्की वर्षाकाठी सुमारे पावणेसात लक्ष युनिट वीज देते, आणि पंचायतीची गरज सुमारे साडेचार लक्ष युनिटांची. उरलेली वीज राज्याच्या वीजमंडळास विकून त्या उत्पन्नातून कर्ज फेडण्याची योजना होती. येथे एक लहानसे गणित करून पाहण्यासारखे आहे. आपल्या देशात कोळशाचा वाटा मोठा असल्यामुळे विजेच्या एका युनिटमागे सरासरी सुमारे ७०० ग्रॅम कर्बवायू हवेत जातो. त्या हिशेबाने पावणेसात लक्ष युनिटांमागे वर्षाला सुमारे ४७० टन वायू टळतो. पंचायतीने आरंभ केला तो वीजबिलाच्या चिंतेने; हवेचे हित त्यातून आपोआप साधले.

मीनंगाडीची वृक्षतारण योजना

केरळातील वायनाड जिल्ह्यात मीनंगाडी ही कॉफी आणि मिरी पिकविणारी पंचायत आहे. ५ जून २०१६ रोजी, जागतिक पर्यावरणदिनी, तेथे कार्बन-समतोल होण्याच्या संकल्पास आरंभ झाला. गावातून जेवढा वायू हवेत जातो तेवढाच गावची झाडे व माती यांनी शोषून घ्यावा, असा या संकल्पाचा अर्थ. या पंचायतीने केलेली पहिली गोष्ट सर्वांत शिकण्यासारखी आहे. रोपे लावण्यापूर्वी तिने मोजणी केली. वीज, वाहने, इंधन, शेती, गुरे, कचरा, यांची खाती मांडण्यात आली. वर्षाला सुमारे ३३ हजार टन वायू बाहेर जातो आणि त्यांपैकी सुमारे ११ हजार टन शोषला न जाता शिल्लक राहतो, असा निष्कर्ष निघाला. किती फेडावयाचे आहे हे कळल्यावाचून कर्ज फेडता येत नाही. या कर्जाचेही तसेच आहे.

त्यानंतर झाडांचा प्रश्न आला. लहान शेतकऱ्याच्या बांधावरचे झाड ही त्याची अडीअडचणीची ठेव असते. घरात आजारपण आले, मुलीचे लग्न ठरले की कुऱ्हाड झाडावर चालते. अशा माणसास पर्यावरणाचा उपदेश करणे सोपे, पण त्याची अडचण त्याने दूर होत नाही. म्हणून पंचायतीने सहकारी बँकेच्या साहाय्याने वृक्षतारणाची योजना आखली. शेतकऱ्याने झाड बँकेकडे तारण ठेवावे, आणि त्याबद्दल दर झाडामागे वर्षाला ५० रुपये, याप्रमाणे दहा वर्षे बिनव्याजी कर्ज घ्यावे. व्याजाचा भार राज्य शासनाने दिलेल्या निधीतून उचलला जातो. झाड उभे असेतो कर्ज परत मागितले जात नाही. झाड तोडल्यास ते फेडावे लागते. ५० रुपये ही रक्कम मोठी नव्हे हे खरेच. तथापि झाड राखणाऱ्याचा त्याग गावाने मानला पाहिजे, आणि नुसता शब्दाने न मानता पैशाने मानला पाहिजे, हे तत्त्व त्या योजनेने प्रस्थापित केले.

महाराष्ट्रातील उद्योग

महाराष्ट्रास हा विषय परका नाही. मुंबईत माटुंग्याच्या कुष्ठरोगी-आश्रमात १८९७ सालीच मैल्यापासून वायू तयार करण्यात आला होता. पुढे खादी ग्रामोद्योग आयोगाने गोबरवायू-संयंत्रांचा प्रसार केला आणि अनेक गावांतील घरांत शेणाच्या वायूवर स्वयंपाक होऊ लागला. उघड्या उकिरड्यातून हवेत जाणारा मिथेन त्यामुळे शेगडीत जळतो, सरपण वाचते, गृहिणीचे डोळे धुरापासून वाचतात आणि मागे उरलेली मळी शेताला खत म्हणून मिळते. एकाच कामातून चार लाभ देणाऱ्या अशा योजना थोड्याच असतात.

राज्य शासनाने २ ऑक्टोबर २०२० रोजी माझी वसुंधरा अभियान सुरू केले. भूमी, वायू, जल, अग्नी आणि आकाश या पंचमहाभूतांच्या आधाराने त्यात स्थानिक संस्थांच्या कार्याचे मूल्यमापन होते. २०२४ मध्ये सातारा जिल्ह्यातील, पाटण तालुक्यातील मान्याचीवाडी हे राज्यातील पहिले सौरग्राम म्हणून जाहीर झाले. शंभरेक वीजजोडण्यांचे हे लहानसे गाव आपल्या छपरांवरच वीज निर्माण करू लागले. त्याच वर्षी भंडारा जिल्ह्यातील बेला ग्रामपंचायतीस कार्बन-समतोल पंचायतीसाठीचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. ही दोन्ही गावे मराठी मुलांच्या ओळखीच्या मुलखातील असल्याने पाठात त्यांचा उल्लेख अवश्य व्हावा.

एक आक्षेप

या ठिकाणी एक आक्षेप घेतला जातो, आणि तो टाळून पुढे जाणे उचित होणार नाही. ज्या शेतमजुराच्या घरी एक दिवा आणि एक चूल आहे, त्याने हवेचा भार असा किती वाढविला? मग कसर करण्याचे ओझे त्याच्यावर का? आक्षेप न्याय्य आहे. पंचायतीच्या योजनेची खरी कसोटीही हीच आहे. जी योजना गरिबाचे सरपण बंद करते आणि त्याला दुसरे इंधन देत नाही, ती हवा शुद्ध करीत असली तरी गावात अन्याय पेरते. याउलट जी योजना पाण्याचे बिल घटविते, चुलीचा धूर काढते, बांधावरच्या झाडाला मोल देते, ती गरिबाच्या बाजूची असते. अवर्षण आणि अवकाळी पाऊस यांचा पहिला तडाखा कोरडवाहू शेतकऱ्यालाच बसतो, हेही येथे ध्यानात घेतले पाहिजे. त्याने केलेला दोष लहान, पण त्याला होणारी हानी मोठी. म्हणून या कामात त्याचा लाभ प्रथम पाहावा.

दुसरी कसोटी सत्याची. वृक्षारोपणाच्या दिवशी हजार रोपे लागतात आणि उन्हाळा संपेतो त्यांपैकी किती जगली हे कोणी विचारीत नाही. कागदावरच्या झाडांना कर्बवायू शोषता येत नाही. लावलेली रोपे न मोजता दोन उन्हाळे जगलेली रोपे मोजण्याचा प्रघात पाडला, तर पुरस्कार कदाचित एखादे वर्ष उशिरा मिळेल, पण सावली खरोखरीची मिळेल.

शाळेचे कार्य

येथे शिक्षकाचे स्थान येते. खऱ्या मोजणीची सवय गावात जर कोठे लागत असेल तर ती शाळेत लागते. त्यासाठी वेगळा तास नको, वेगळे साहित्यही नको. पाचवीपुढील वर्गांना पुढील प्रकारची उदाहरणे सहज घालता येतील.

गावात रस्त्यावरचे शंभर दिवे आहेत. जुना दिवा ५० वॉटचा, नवा एलईडी दिवा २० वॉटचा. दिवे रोज बारा तास जळतात. बचत किती? रोज ३६ युनिट, वर्षाला १३,१४० युनिट, आणि वायूच्या हिशेबाने सुमारे नऊ टन. हेच गणित वीजबिलाच्या रुपयांत मांडले म्हणजे सरपंचांनाही ते तत्काळ पटते.

एक लिटर डिझेलचे वजन एक किलोपेक्षाही कमी. पण ते जळल्यावर अडीच किलोंहून अधिक कर्बवायू निघतो. हे कसे? जळताना डिझेलमधील कर्ब हवेतील प्राणवायूशी संयोग पावतो आणि वजनाची भर त्या प्राणवायूची असते. विज्ञानाचा हा पाठ पंपाशेजारी उभे राहून सांगितल्यास मुलांच्या मनावर ठसतो.

उसाच्या गावी पाचटाचा पाठ घ्यावा. पाचट जाळल्यास धूर आणि काजळी होतेच, शिवाय मातीत जाणारे सेंद्रिय द्रव्य वाया जाते. तेच सरींत आच्छादन म्हणून पसरल्यास ओल टिकते आणि पाण्याची पाळी वाचते. भाताच्या मुलखात खाचर सदैव तुडुंब न ठेवता मधून मधून पाणी काढल्यास मिथेन घटतो, हे सांगावे. मात्र कोणत्या अवस्थेत पाणी काढावे याबाबत कृषिसहायकाचा सल्ला घेण्यास सांगावे, म्हणजे उत्पन्नाला धक्का बसणार नाही.

अशी मोजणी झाल्यावर ती वहीत राहू नये. दरवर्षी ग्रामपंचायतीचा विकास आराखडा ग्रामसभेपुढे येतो, आणि स्वच्छ व हरित गाव हा त्याच्या विषयांपैकी एक आहे. मुलांनी केलेला तक्ता मुख्याध्यापकांनी त्या सभेत मांडावा: दिवे इतके, पंप इतके, धुराच्या चुली इतक्या, जगलेली झाडे इतकी. ठराव करणे हा ग्रामसभेचा अधिकार आहे, आणि तो शिक्षकाने आपल्याकडे ओढू नये. परंतु ठरावाला खरा आकडा पुरविणे हे शाळेचे काम आहे. आरंभ शाळेच्याच खात्याने करावा. पोषण आहार कशावर शिजतो, खोल्यांतील दिवे कोणते आहेत, अंगणातील रोपांपैकी किती जगली, हे तीन आकडे या महिन्यात फळ्याच्या कोपऱ्यात लिहावेत आणि पुढील वर्षी त्याच महिन्यात पुन्हा मोजावेत. दोन आकड्यांतील अंतर मुलांना जे शिकवील, ते पाठांतराने येणार नाही.