तिरुचिरापल्ली ते मुंबई : अंतर आणि वेळ

(भूगोल दिनानिमित्त शाळेत झालेले भाषण)



तंजावरच्या परिसरात विमानाने जाणारा प्रवासी बहुधा तिरुचिरापल्लीला उतरतो. मुंबईपासून हे अंतर सरळ रेषेत सुमारे ११२० किलोमीटर भरते. विमानाचा वेग ताशी ८०० किलोमीटर धरून भागाकार केला, तर एक तास चोवीस मिनिटे येतात. प्रत्यक्षात लागतात पावणेदोन ते दोन तास. उंची गाठताना आणि खाली येताना वेग कमी असतो, उतरण्यासाठी कधी घिरट्या घालाव्या लागतात. त्यात वाऱ्याचीही भर पडते. आषाढ-श्रावणात जमिनीलगत पाऊस आणणारा वारा पश्चिमेकडून येतो, पण त्याच वेळी दक्षिण भारतावर फार उंचावर पूर्वेचा जोरदार वारा वाहत असतो. मुंबईकडे येणाऱ्या विमानाला तो पाठीशी मिळतो, जाणाऱ्याला समोरून अडवतो.

कुंभकोणमच्या पलीकडच्या खेड्यातील माणसाला मात्र हा हिशेब अपुरा वाटेल. कावेरीच्या फाट्यांवरचे पूल, भातशेतांमधले अरुंद रस्ते आणि विमानतळावर आधी पोहोचण्याची घाई यांतच त्याचे चार-पाच तास जातात.

पूर्वी वेळ तासांत मोजतच नसत. ती मुक्कामांत मोजत. रामेश्वरच्या यात्रेकरूंसाठी सरफोजी राजांनी ओरत्तनाड येथे मुक्तांबेच्या नावाने छत्र उभारले. तेथे निवारा आणि अन्न मिळे. यात्रेकरू पुढचा टप्पा आखीत, तो अशा छत्रांच्या आधाराने.

याच प्रदेशाच्या वेशीवर १६७७ च्या जुलैत शिवाजी महाराज आले होते. भागानगर, जिंजी, वेल्लोर असे टप्पे घेत, महिनोन्महिने वाटचाल करून ते कोळ्ळिडम नदीकाठी तिरुमळवाडीस पोहोचले. तंजावर तेथून जवळच. तेथले अधिपती व्यंकोजीराजे, महाराजांचे सावत्र बंधू, भेटीस आले आणि काही दिवस राहिले. वडिलांच्या दौलतीतील वाट्याचा विषय निघाला. मग एका रात्री व्यंकोजीराजे नदी ओलांडून निघून गेले. महाराज तंजावरला न जाता परतले. रायगडापासून एवढी मजल मारली, आणि अखेरचा टप्पा तेवढा उरला.

व्यंकोजीराजांच्या वंशजांनी मात्र मराठी सोडली नाही. बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर सरफोजी राजांनी १८०३ मध्ये भोसले घराण्याचा इतिहास कोरवून घेतला, तो मराठीत आणि देवनागरीत. आजचा मराठी शाळेतील मुलगा तेथे गेला, तर बोट फिरवीत त्यातील ओळी लावू शकेल. जवळच्या सरस्वती महाल ग्रंथालयात त्याच घराण्याचे, त्याच भाषेतले मोडी कागद आहेत. त्यांच्यापुढे तो थबकेल. मोडी शाळांतून गेल्याला दोन पिढ्यांहून अधिक काळ लोटला आहे.