कापसाची प्रत कोण ठरवतो?



देशात प्रमाणित खादीचा राष्ट्रध्वज अगदी थोड्या ठिकाणी तयार होतो. त्यातलं एक ठिकाण आपल्या नांदेडात आहे, मराठवाडा खादी ग्रामोद्योग समिती. ध्वजाचं कापड उदगीरला विणतात, अहमदाबादला रंगवतात आणि नांदेडला शिवतात. या कापडाला १९६८ साली सुधारलेलं सरकारी मानक लागू आहे. सूत, वीण, वजन, रंगाचा पक्केपणा, सगळं तपासलं जातं. आकार नऊ, आणि लांबी-रुंदीचं प्रमाण तीनास दोन. यातलं काही चुकलं तर प्रमाणाचा शिक्का नाही. (डिसेंबर २०२१ मध्ये ध्वजसंहिता बदलून यंत्रावरच्या पॉलिस्टरलाही मोकळीक मिळाली. ते विणकरांचं गाऱ्हाणं आहे आणि खरं आहे, पण आजचा विषय तो नाही.)

आमचा सवाल असा. कापडाला एवढ्या कसोट्या, मग ज्या कापसाचं ते कापड होतं त्याला कोणती कसोटी? ग्रेडरचा हात! गाडीत हात घालायचा, बोंडाएवढा पुंजका उपसायचा, चिमटीत ओढायचा आणि म्हणायचं, "ओला आहे, कवडी आहे." १९७२ ला एकाधिकार खरेदी आली, तीस वर्षं चालली. तिथेही नजरच. एकाधिकार गेला, व्यापारी आला, पण हात तोच राहिला.

नजर खोटी असते असं आम्ही म्हणत नाही. ज्वारी काळी पडली की नाही हे आपली आजी तळहातावर चोळून सांगते. पण तिथे देणारा आणि घेणारा दोघेही चोळून बघतात. कापसात बघणारा एकच असतो, आणि पैसे त्याच्याच खिशातून जायचे असतात.

मोजायची विद्या नाही म्हणावं, तर तसंही नाही. मुंबईत माटुंग्याला १९२४ पासून कापसाची प्रयोगशाळा आहे. १९६७ पासून अखिल भारतीय समन्वित प्रकल्प चालतो. परभणीचं विद्यापीठ, नांदेडचं कापूस संशोधन केंद्र आणि मुंबईची संस्था यांचं काम त्यात एकत्र चालतं. नवा वाण आला की त्याच्या रुईची लांबी, ताकद, जाडी मोजतात. आपला नांदेड-४४ या केंद्रातूनच ऐंशीच्या दशकात आला. म्हणजे बियाणं होताना कापूस मोजला जातो, गाठ झाल्यावर गिरणी तो पुन्हा यंत्रावर मोजते. मधे शेतकरी विकतो, तेवढ्याच वेळी तो मोजत नाहीत.

यात पैसा किती? २०२५-२६ साठी हमीभाव मध्यम धाग्याला ७७१० आणि लांब धाग्याला ८११० रुपये जाहीर झाला. मध्यम म्हणजे साडेचोवीस ते साडेपंचवीस मिलिमीटर, लांब म्हणजे साडेएकोणतीस ते साडेतीस. फरक क्विंटलमागे चारशे. वीस क्विंटलच्या घरात आठ हजार. शिवाय मायक्रोनेअर नावाचा आकडा असतो, धागा किती जाड आणि किती पिकलेला हे तो सांगतो. परतीचा पाऊस दगा देतो तेव्हा कोरडवाहू रानात बोंडं अर्धवट पिकून उमलतात आणि हा आकडा घसरतो. अशा सुतावर रंग नीट बसत नाही. ओलावा आठ टक्क्यांपर्यंत पूर्ण भाव, बारापर्यंत कपात, त्यावर सरकारी खरेदी नाही. म्हणून ओलाव्याचं यंत्र लावलं की आकडा आपल्याला दाखवा, एवढंच मागायचं.

सेंद्रियवाल्यांनी कागदावर भरवसा ठेवून पाहिला. ऑक्टोबर २०२० मध्ये सेंद्रिय कापडाच्या जागतिक मानक संस्थेनं सांगितलं, भारतातल्या २०,००० टन कापसाचे दाखले खोटे निघाले. कागद फिरत राहिले, रान कुणी बघितलंच नाही.

मूठभर कापसातून सरकी वेगळी करणारं मेजावरचं छोटं यंत्र मुंबईच्या संस्थेनंच बनवलं आहे, लिलिपुट जिन. तसलं यंत्र आणि रुई तपासायचं यंत्र प्रत्येक जिल्ह्यात एका जागी ठेवा आणि आकड्याची पावती शेतकऱ्याच्या हातात द्या. ही मागणी आम्ही बाजार समित्यांपुढे ठेवतो आहोत.

आपल्याकडूनही चोख माल जायला हवा. खताच्या प्लॅस्टिक गोणीत कापूस भरू नका. तिचा एक धागा सुतात गेला तर तो रंग घेत नाही, भगव्या कापडात पांढरा डाग उठतो. पहिली वेचणी आणि शेवटची वेचणी वेगळी ठेवा. वजनासाठी पाणी मारणारा आपल्यातला असला तर त्याची बाजू आम्ही घेणार नाही.

पुढच्या बैठकीला प्रत्येक गावानं दोन नमुने आणावेत, पहिल्या आणि दुसऱ्या वेचणीचे, कापडी पिशवीत, अर्धा-अर्धा किलो. चिठ्ठीवर वाण, पेरणीची तारीख, जमीन हलकी की भारी आणि मिळालेला भाव लिहा. तपासणीची फी वर्गणीतून भरू, आणि आलेले आकडे भावाच्या पट्टीशेजारी छापू.