कणीस आपल्या शेताचे

(संस्थेच्या सुवर्णमहोत्सवी मेळाव्यात केलेले भाषण)



उत्सवाच्या दिवशी उत्सवाविषयीच बोलावे असे मी ठरविले आहे. माझे बालपण गोव्यात, सासष्टीतल्या एका खेड्यात गेले. घरासमोरच इगर्जी होती. आम्ही हिंदू, पण त्या इगर्जीचे सारे वर्ष मी शेजाऱ्याच्या डोळ्यांनी पाहिले आहे.

मे महिन्यात वाड्यावाड्यावरच्या खुरसापुढे लदाईन होई. प्रार्थना संपली की उकडलेले चणे वाटत. आम्हा पोरांचे लक्ष त्या चण्यांकडे. 24 जूनला सांजांव. तोवर पाऊस लागून विहिरी भरलेल्या असत. फुलापानांची कोपेले डोक्यावर घालून तरुण मंडळी विहिरीत उड्या घेत. नव्या जावयाने त्या दिवशी सासरी यायचेच, असा रिवाज. पावसाळा सरल्यावर सायबिणीची मूर्ती घरोघर फिरे. एका घरी एक रात्र मुक्काम, दुसऱ्या दिवशी शेजारच्या घरी. ज्या दोन घरांचे बोलणे बंद असे, त्यांनाही मूर्ती एकमेकांच्या हातांतून घ्यावी लागे. कितीतरी भांडणे अशी मिटलेली मी पाहिली. मग 3 डिसेंबरला जुन्या गोव्याचे फेस्त आणि त्यामागोमाग नाताळ. चतुर्थीला आई त्यांच्याकडे नेवऱ्या पाठवी, नाताळात त्यांच्याकडून दोदोल येई.

पण या साऱ्यांत मला जवळचे वाटे ते कणसाचे फेस्त. रायला ते 5 ऑगस्टला होते, ताळगावला 21 ऑगस्टला. गावागावाची तारीख वेगळी. (रायला लागूनच राशोल. 1616 साली तिथे फादर स्टीफन्स यांचे ‘क्रिस्तपुराण’ छापले गेले आणि पुढे ते इगर्ज्यांतून वाचले जाई. तेव्हा हे अंगण मराठीलाही परके नाही.) फेस्ताच्या दिवशी पाद्री विगार मिरवणुकीने शेतावर जात, विळ्याने पहिली कणसे कापीत, त्यांना आशीर्वाद देत आणि मग ती घरोघर वाटली जात. शेजारची म्हातारी माय एक जुडी आमच्या घरीही आणून देई. आमची नव्याची पंचम चतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी. पण आई ती जुडी दाराला बांधल्यावाचून राहत नसे.

यात एक अडचण आहे, ती शेतकऱ्यालाच कळेल. फेस्ताची तारीख ठरलेली, पाऊस ठरलेला नाही. जूनच्या पेरणीला ऑगस्टच्या आरंभी कणीस हवे, तर हळवे भात निवडून एखादा तुकडा वेळेवर पेरावा लागतो. म्हणजे हे फेस्त ऑगस्टात नव्हे, जूनमध्येच सुरू होते, चिखलात!

2011 साली तोच तुकडा पडीक राहिला. बांध फुटून खारे पाणी आत शिरले होते. पूर्वी बांध आणि मानशी गावकारी सांभाळी. 1964 च्या कूळकायद्यानंतर ते काम कुळांच्या संघटनांकडे आले, आणि आमच्याकडे ते कुणाचेच राहिले नाही. मालकाची मुले परदेशी, मजुरी परवडत नाही. मग परगावाहून टेम्पोने कणसे मागविली. मिरवणूक निघाली, बँड वाजला, सारे यथासांग झाले. माझ्या हाती जुडी देताना मायने ती उलटसुलट पाहिली आणि विचारले, “बाबा, हें कणस खंयच्या शेतांतलें?”

मला उत्तर देता आले नाही. त्या प्रश्नाने गाव मात्र हलला. पुढच्या मे महिन्यात लदाईन झाल्यावर मंडळी खुरसापाशीच बसली. प्रत्येक घराने एक दिवस अंगमेहनत द्यावी असे ठरले. आमच्या घरातून माझा धाकटा भाऊ गेला. बांध घातला, तुकडा पेरला. 2012 च्या फेस्ताला कणसे आली ती बारीक, अर्धीअधिक हिरवी. परगावची कणसे दिसायला यांहून चांगली होती. पण या वेळी मायने काही विचारले नाही. जुडी दिली आणि हसली.

माय आता नाही. तो तुकडा अजून पिकतो, कधी बरा, कधी बेताचा. पेरणीला येणारे हात मात्र दरसाल मोजावे लागतात.

मंडळी, आपल्या संस्थेला आज पन्नास वर्षे होत आहेत. मंडप उभारायला, भोजन करायला आता माणसे पैसे देऊन मिळतात, आणि देणगी देणारे हातही आहेत, हे भाग्यच. पण ज्यांनी ही संस्था उभी केली त्यांनी पैशाबरोबर दिवसही दिले होते. आपल्या तरुणांनी वर्षातला एक दिवस संस्थेच्या कामाला द्यावा, एवढेच मागणे मागून मी आपली रजा घेतो. पुढच्या महोत्सवात कुणी विचारले की हे कणीस कुठल्या शेतातले, तर उत्तर आपल्यापाशी असावे.